केंद्राचा एक डॉलर, राज्याचा एक डॉलर: टस्कीगीच्या पंगतीतली कॉलेजं मागे का राहिली

प्रश्न असा आहे की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या कॉलेजांना केंद्र सरकार खास मदत देतं, तरी ती कायम पैशाला मोताद का?

आधी ‘खास मदत’ म्हणजे काय ते बघा. 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार 1964 पूर्वी स्थापन झालेल्या, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठीच काढलेल्या मान्यताप्राप्त कॉलेजांना सूत्रानुसार अनुदान मिळतं. सूत्रात निम्मा भार पेल अनुदान घेणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांच्या संख्येला आहे. यातले 20 टक्क्यांपर्यंत पैसे कायम ठेवीत टाकता येतात, पण तेवढीच रक्कम कॉलेजने बाहेरून उभी करायची. ज्यांचे माजी विद्यार्थीच पिढ्यान्‌पिढ्या संपत्तीपासून दूर ठेवले गेले, त्यांना ही अट फार जड जाते.

खरी गळती मात्र शेतकी विद्यापीठांत आहे. कृषिशास्त्रज्ञ कार्व्हरमुळे टस्कीगी विद्यापीठ आपल्याला माहीत आहे. ही शेतकी विद्यापीठं त्याच पंगतीतली. 1862 च्या मॉरिल कायद्याने राज्यांना कॉलेजांसाठी जमीन दिली. (ती बरीचशी मूलनिवासींकडून घेतलेली होती, हेही विसरू नये.) 1890 चा दुसरा कायदा म्हणाला, प्रवेशात वर्णभेद करू नका, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळं कॉलेज चालवा. दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळं कॉलेज निवडलं. या वेळी जमीन नव्हती, रोख अनुदान होतं. आज अशा 19 संस्था आहेत.

संशोधन आणि कृषी विस्तारासाठी केंद्र या संस्थांना एक डॉलर देतं, तेव्हा राज्यानेही एक द्यायचा असतो. राज्याने हात आखडला तर कॉलेज निम्म्या वाट्यापर्यंत सूट मागू शकतं. सूट मिळाली की केंद्राचा पैसा कॉलेजच्या हाती राहतो, राज्याचा उरलेला वाटा मात्र बुडतो. सूट मागितली नाही तर केंद्राचाही जातो. म्हणजे चूक राज्याची आणि अर्ज कॉलेजचा! त्याच राज्यातल्या 1862 च्या विद्यापीठाला मात्र पूर्ण वाटा, बहुधा त्याहून जास्तच, मिळत आला.

आकडे वाचताना एक घोळ नेहमी होतो. या 19 पैकीच एक असलेल्या टेनेसी स्टेट विद्यापीठाबाबत दोन रकमा फिरतात. 2021 मध्ये राज्याच्याच विधिमंडळ समितीने न दिलेल्या वाट्याची थकबाकी जास्तीत जास्त 54.4 कोटी डॉलर काढली. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी 16 राज्यपालांना पत्रं लिहिली, त्यात याच विद्यापीठाची तूट सुमारे 210 कोटी होती. दोन्ही बरोबर आहेत. पहिला हिशेब फक्त राज्याच्या वाट्याचा. दुसरा 1987 ते 2020 मध्ये दर विद्यार्थ्यामागे 1862 च्या आणि 1890 च्या विद्यापीठांना काय मिळालं याच्या तुलनेचा; 16 राज्यांत मिळून तो 1200 कोटींवर जातो. प्रत्यक्षात टेनेसीने 2022 मध्ये इमारती आणि सोयींसाठी 25 कोटी दिले.

कोर्टाची वाटही लांबच. मेरीलँडमध्ये राज्याविरुद्ध असाच खटला 2006 ला दाखल झाला, तडजोड झाली 2021 ला: कृष्णवर्णीयांच्या चार विद्यापीठांना मिळून 57.7 कोटी डॉलर, तेही दहा वर्षांत.