विचारा तर खरं: पाण्यातलं पळसनाथाचं देऊळ

प्रश्न: पळसदेवला मामाकडे गेलो होतो. उजनीच्या पाण्यात नुसता शेंडा दिसत होता. मामा म्हणाला, खाली अख्खं देऊळ आहे आणि शिखर विटांचं आहे. मग ते विरघळलं कसं नाही? तिथं जाता येतं का?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर: मामा बरोबर सांगतोय. 1980 साली उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी मागं तुंबत गेलं आणि जुनं पळसदेव त्याखाली गेलं. गाव उठून हायवेकडं आलं, पळसनाथाची, म्हणजे महादेवाची पिंडही नव्या देवळात आली. मागं राहिलं ते देवाचं रिकामं घर.

विरघळायला ती कच्ची वीट नव्हे. भाजलेली आहे, चुन्यात बसवलेली. खालचं बांधकाम दगडी आणि वर वीट, कारण वीट हलकी. शिखर भूमिज धाटणीचं, म्हणजे लहान लहान शिखरांच्या ओळी एकीवर एक चढत गेलेल्या. नुसतं बुडून राहिल्यानं त्याचं फारसं बिघडत नाही. पावसाळ्यात भिजायचं, उन्हाळ्यात तापायचं, ही ये-जा मात्र वाईट. लाटाही सांध्यांतला चुना पोखरतात.

आता जाण्याचं. देऊळ उघडं पडतं ते धरण खूप आटल्यावर. उजनीच्या 117 टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा आहे, म्हणजे तळाचं, एरवी वापरात न धरलेलं पाणी. वरचा जिवंत साठा संपून मृतसाठ्याला हात लागला की आपण म्हणतो, 'उजनी मायनसमध्ये गेली'. 2024 च्या जूनमध्ये ती उणे 60 टक्क्यांच्या घरात होती. सोलापुरात नळाची वाट बघत आपण घागरी मांडून बसतो, तेव्हा तिकडं देऊळ उघडं पडतं. त्यामुळं 'दर्शन लवकर घडो' असं काही मी म्हणणार नाही.

मी गेलो तेव्हा चहूकडं पाणी होतं, देऊळ मधोमध बेटासारखं. मच्छीमाराच्या होडीतून उतरलो तो गुडघाभर गाळात. आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड होते. त्यातल्या एकावर पाणकावळा पंख पसरून बसला होता, तो मी जवळ गेलो तरी हलला नाही.

तू जाशील तर सकाळी जा, माहितगार होडीवाला घे. गाळ वरून सुकलेला दिसला तरी काठीनं चाचपून पाय टाक. फोटोसाठी शिखरावर पोरं चढतात, तू चढू नकोस. सांधे आधीच ढिले झालेत. आणि गमबूट घालू नकोस, गाळात रुततात. माझा डावा अजून तिथंच आहे.