बेडूक नवा आहे हे ठरवायचं कसं?

मागच्या अंकात सदाहरित जंगलांतल्या नव्याने सापडलेल्या बेडकांवर लेख छापला होता. त्यानंतर चोपडा, शहादा, नवापूर, धडगाव अशा ठिकठिकाणांहून पत्रं आली, सोबत बेडकांचे फोटोही. त्यातल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : केळीच्या बागेत ठिबकच्या नळीजवळ रात्री एक बेडूक दिसला. अंग फुगीर, पाय आखूड, काळपट पाठीवर विटकरी पट्टे. गावात कुणीच असा बेडूक पाहिलेला नाही. दोन फोटो सोबत आहेत. ही नवी जात असेल का? (चोपडा)

वर्णन आणि फोटो दोन्ही ‘युपेरोडॉन टॅप्रोबॅनिकस’शी जुळतात. या जातीला 1934 मध्येच नाव मिळालं आहे. पूर्वी ती कलौला वंशात (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट) धरत, 2016 पासून युपेरोडॉन वंशात धरतात. हा बेडूक वर्षाचा बराच काळ मातीत किंवा झाडाच्या ढोलीत काढतो आणि पहिल्या मोठ्या पावसाला बाहेर येतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेल्या माणसालाही तो कधी दिसलेला नसतो. घाबरला की अंग फुगवतो, त्यामुळे फोटोत तो असतो त्याहून गोल दिसतो.

आमचा अंदाज पक्का करायचा तर तुमच्या फोटोंत एक मोठी उणीव आहे. दोन्ही फोटो वरून काढलेले आहेत, आणि बेडकाची ओळख बहुतेक वेळा त्याच्या खालच्या बाजूला असते. पाठीचा रंग दिवस-रात्र, ओलावा, वय यांनुसार बदलतो. एकाच डबक्यातल्या एकाच जातीच्या दोन बेडकांत एकाच्या पाठीवर मधोमध पिवळी रेघ असते, दुसऱ्याला नसते. पुढच्या वेळी पाठ, एक बाजू (डोळा आणि कानाचा पडदा स्पष्ट दिसेल अशी), पोट, हाताचा तळवा, पायाचा तळवा आणि मांडीची मागची बाजू असे सहा फोटो घ्या. शेजारी पट्टी ठेवा. तळव्याच्या फोटोत बोटांमधला पडदा कुठपर्यंत आहे, बोटांची टोकं रुंद आहेत की निमुळती आणि टाचेशी फावड्यासारखा कडक उंचवटा आहे का, हे तिन्ही दिसायला हवं.

बेडूक हातात घ्यायचा तर हात स्वच्छ आणि ओले हवेत. कोरड्या हातावरचं मीठ, तंबाखू, फवारणीच्या औषधाचा अंश त्याच्या कातडीतून थेट आत जातो. केळीच्या बागेत रात्री फिरताना पायात गमबूट असू द्या. घोणसही उंदरांच्या मागावर तिथेच असते.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवी जात जाहीर करण्याआधी शास्त्रज्ञ नेमकं काय काय करतात? डीएनए तपासला की काम झालं असं वर्गात कळलं. (शहादा)

डीएनए हा एक पुरावा आहे. त्या एकट्यावर जात उभी राहत नाही.

पहिलं काम वाचनाचं असतं आणि वेळही तिथेच सर्वांत जास्त जातो. ज्या वंशात हा बेडूक बसतो असं वाटतं, त्यातली आजवर दिलेली सगळी नावं गोळा करायची. रद्द झालेली आणि दुसऱ्या नावात विलीन झालेलीसुद्धा. भारतातल्या बऱ्याच बेडकांची मूळ वर्णनं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली आहेत. पाच-सात ओळींत लिहिलेली, आणि ठिकाण म्हणून नुसतं ‘पूर्व भारत’. तुम्हाला नवा वाटणारा बेडूक यांपैकीच एखाद्या विसरलेल्या नावाचा धनी असू शकतो. हे न तपासता नवं नाव दिलं, तर पुढे कुणीतरी जुनं नाव शोधून काढतं आणि तुमचं नाव बाद होतं. नवी नावं रद्द होण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

मग मोजमाप. व्हर्निअर कॅलिपरने 0.1 मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहून बारीक मोजतात. मुख्य माप मुस्काटाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतच्या लांबीचं. त्यानंतर डोक्याची लांबी-रुंदी, डोळ्याचा व्यास, कानाच्या पडद्याचा व्यास, दोन नाकपुड्यांमधलं अंतर, मांडी, पोटरी, पाऊल, प्रत्येक बोट. सगळी मापं एकाच माणसाने आणि शरीराच्या एकाच बाजूची घ्यावीत. कॅलिपर मऊ अंगात किती दाबायचा याचा प्रत्येकाचा हात वेगळा असतो आणि 20 मिलिमीटरच्या बेडकात अर्धा मिलिमीटरसुद्धा खूप झाला. लहान-मोठ्या बेडकांची तुलना करता यावी म्हणून मापं एकूण लांबीच्या प्रमाणात मांडतात.

मोजलेला बेडूक पूर्ण वाढलेला आहे का, हे आधी पाहावं लागतं. नराच्या गळ्याखाली स्वरपिशवी असते आणि विणीच्या काळात अंगठ्यावर खरखरीत गादी येते. मादीच्या पोटात अंडी दिसतात. पिल्लाला ‘बुटकी नवी जात’ समजण्याची चूक नवख्यांकडून सहज होते. दुसरी अडचण अशी की ओरडतात नर, त्यामुळे हाती लागतात तेही नरच. माद्या बहुतेक जातींत मोठ्या असतात, पण त्या गप्प बसतात. दोन्ही मिळून आठ-दहा प्रौढ बेडूक असले तर एकाच जातीत किती फरक असू शकतो याचा अंदाज येतो. एकाच बेडकावरून वर्णन करणं प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बसतं, पण ते कच्चं राहतं.

आता डीएनए. बेडकांसाठी बहुधा पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधल्या 16एस या जनुकाचा सुमारे 550 अक्षरांचा तुकडा वाचतात. जवळच्या जातीपेक्षा त्यात साधारण 3 टक्के, म्हणजे सोळा-सतरा अक्षरांचा फरक निघाला तर लक्ष द्यावं, असा संशोधकांत संकेत आहे. पण हा निकाल नाही, इशारा आहे. दोन डोंगरांवरच्या एकाच जातीच्या बेडकांतही फरक साठतो. उलट नुकत्याच वेगळ्या झालेल्या जातींत तो 3 टक्क्यांहून कमी निघतो. शिवाय तुलना कोणाशी केली हे महत्त्वाचं. जनुकांच्या सार्वजनिक संग्रहात चुकीच्या नावाने ठेवलेले तुकडेही आहेत. जुनं नाव ज्या ठिकाणच्या बेडकाला दिलं होतं, शक्य तर त्याच ठिकाणचा बेडूक तुलनेला घ्यावा.

शरीर, डीएनए, आवाज आणि राहण्याची जागा यांतले दोन-तीन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवू लागले की वर्णन लिहायला घ्यायचं. केरळ-तमिळनाडूच्या घाटांतल्या रातबेडकांच्या (निक्टिबॅट्रॅकस) सात नव्या जाती 2017 मध्ये जाहीर झाल्या. त्यामागे पाच वर्षांची भटकंती होती. त्यांतल्या चार जाती 12 ते 16 मिलिमीटरच्या आहेत, आपल्या नखावर मावतील एवढ्या.

प्रश्न : फोटो आणि डीएनए असताना बेडकाला मारून बाटलीत का ठेवतात? मनाला पटत नाही. (नवापूर)

तुमची खंत रास्त आहे. म्हणूनच गरजेपुरतेच बेडूक घेतात आणि आधी भूल देतात, मगच पुढचं काम. नवं नाव एका ठराविक नमुन्याला कायमचं बांधलेलं असतं. त्याला होलोटाइप म्हणतात, त्याच्यासोबतच्या इतर नमुन्यांना पॅराटाइप. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर तो हाच नमुना उघडून बोटांचा पडदा, तोंडातले दात, हाडं तपासतो. आज आपल्याला जे पाहायचं सुचत नाही, ते फोटोत सापडणार नाही. नमुना न ठेवता नाव देण्याची वाट नियमांत बंद नाही, पण अशा नावांवरचा वाद मिटत नाही.

नमुना घ्यायचाच तर तो वाया जाऊ नये, एवढी जबाबदारी घेणाऱ्यावर असते. मांडीच्या स्नायूचा किंवा यकृताचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आधी काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात. तुकड्याच्या निदान दहापट अल्कोहोल लागतं. हा क्रम चुकला आणि बेडूक आधी फॉर्मॅलिनमध्ये गेला, तर डीएनए तुटतो आणि वाचता येत नाही. मग ट्रेमध्ये ओल्या कापडावर बेडूक पालथा ठेवून प्रत्येक बोट सुटं पसरतात. बाजारातलं फॉर्मॅलिन एक भाग, पाणी नऊ भाग, अशा द्रावणात तो एक-दोन दिवस ठेवतात. या वेळात अंग ज्या आकारात असेल त्याच आकारात ते कायमचं कडक होतं. मुठी मिटलेल्या बेडकाची बोटं पुढे कुणालाच मोजता येत नाहीत. नंतर पाण्याने धुऊन 70 टक्के अल्कोहोलमध्ये. पायाला बांधायच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या शाईने लिहावं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि ठिकाण-तारीख गेलेल्या नमुन्याची किंमत उरत नाही.

हे सगळं परवानगी असलेल्या संशोधकाचं काम आहे. यावल किंवा अनेर अभयारण्यात तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय बेडूक उचलायचाही नाही. जैविक विविधता कायदा 2002 च्या कलम 39 नुसार नवी जात सापडली की नेमून दिलेल्या संग्रहालयाला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यासाठीचं प्रमुख ठिकाण. त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

प्रश्न : खान्देशात वर्षावनातले बेडूक सापडू शकतील का? (जळगाव)

वर्षावनच नाही, तेव्हा त्यावर अवलंबून असलेले बेडूकही नाहीत. सह्याद्रीच्या ओल्या जंगलातले रावर्केस्टिस वंशाचे झुडूपबेडूक डबक्यात अंडी घालत नाहीत. अंडी पाला-झुडपात असतात आणि त्यांतून शेपटीच्या डिंभकाऐवजी थेट इवला बेडूक निघतो. अंड्यांभोवतीची हवा आठवडेच्या आठवडे दमट राहिली तरच हे जमतं. जळगाव-भुसावळकडे पावसाने दहा दिवस ओढ दिली की बांधावरचं गवतही माना टाकतं.

पण नव्या जाती फक्त वर्षावनातच असतात असंही नाही. आपल्याकडचे बेडूक उन्हाळा काळ्या मातीच्या भेगांत आणि मुरमाखाली काढतात. अशाच मातीत पुरून राहणाऱ्या पश्चिम भारतातल्या एका बेडकाला 2017 मध्ये ‘स्फेरोथेका पश्चिमा’ असं नाव दिलं गेलं. तोरणमाळचं पठार, पाटणादेवीचा परिसर आणि नवापूरची गुजरातच्या डांगला लागून असलेली जंगलं इथे पावसाळ्यात रात्री नीट पाहणी व्हायला हवी असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : नवी जात सापडली तर आमच्या गावाचं नाव देता येईल का? (शिरपूर)

येईल. गावाच्या नावाला लॅटिन वळण देऊन शेवटी ‘एन्सिस’ जोडतात. माणसाच्या गौरवार्थ असेल तर पुरुषासाठी शेवटी ‘आय’ हे अक्षर लागतं. पुण्यातले प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्या नावावरून 2013 मध्ये ‘रावर्केस्टिस घाटेई’ झाला. स्त्रीच्या नावाला ‘एई’ लागतं. आंबोलीच्या भेकाच्या अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून 2009 मध्ये ‘झँथोफ्राइन टायगेरिना’. 2003 मध्ये केरळातून आलेल्या ‘नासिकाबॅट्रॅकस’मध्ये तर संस्कृतातली नासिका जशीच्या तशी आहे. स्वतःचं नाव स्वतःच्या शोधाला देणं शिष्टसंमत नाही.

एक धोका सांगून ठेवतो. शोधनिबंध छापून येण्याआधी ते नाव वर्तमानपत्राला देऊ नका. वर्णन, होलोटाइप आणि तो ठेवल्याची जागा यांशिवाय छापलेलं नाव नियमाने नाव धरलंच जात नाही, नुसता गोंधळ माजतो. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत त्याची आधी नोंद हवी आणि त्या नोंदीचा उल्लेख निबंधातच हवा.

प्रश्न : आमच्या पाड्यावरची म्हातारी माणसं आवाजावरून बेडूक ओळखतात, त्यांची नावंही आहेत. मग शास्त्रज्ञ ‘नवा’ कसं म्हणतात? आणि हे आवाज मोबाइलवर घेतले तर उपयोग होईल का? (धडगाव)

‘नवा’ म्हणजे शास्त्राच्या वहीत अजून न लिहिलेला, एवढाच त्याचा अर्थ. त्या बेडकाला ओळखणारी माणसं आधीपासून असतातच. पाड्यावरची नावं, कुठल्या पावसाला कोण ओरडतो आणि कुठून ओरडतो, हे त्यांच्याच शब्दांत आणि त्यांना विचारून लिहून ठेवा. चांगल्या वर्णनात स्थानिक नावाला आणि सांगणाऱ्याला जागा असते, असायलाच हवी.

आवाजाचा उपयोग फार मोठा आहे. पापुआ न्यू गिनीच्या वर्षावनातला ‘पेडोफ्राइन अमाउएन्सिस’ सरासरी 7.7 मिलिमीटरचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. पालापाचोळ्यातून येणाऱ्या किड्यासारख्या बारीक आवाजाच्या मागावर जाऊन तो सापडला आणि 2012 मध्ये त्याचं वर्णन झालं.

मोबाइलमध्ये डब्ल्यूएव्ही प्रकारात रेकॉर्ड करणारं ॲप घ्या, 44.1 किलोहर्ट्झवर ठेवा आणि आवाज कमी-जास्त करणाऱ्या आपोआप सोयी बंद करा. टॉर्च विझवून बेडकापासून अर्धा ते एक मीटरवर बसा. तो गप्प होईल, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करेल. एकाच बेडकाचं निदान दोन-तीन मिनिटं रेकॉर्डिंग घ्या. शेवटी त्यातच बोलून ठेवा: तारीख, वेळ, ठिकाण, अंतर आणि हवेचं तापमान. तापमान विसरू नका. गारठ्यात बेडकाच्या आवाजातले ठोके संथ पडतात, उबेत जलद होतात. तापमान माहीत नसेल तर एकाच जातीचे दोन आवाज दोन जातींचे वाटतील.

आमच्याकडे पाठवताना व्हॉट्सॲपवर आवाज किंवा फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाहीतर फाइल दाबून लहान होते आणि फोटोत नोंदलेली वेळ आणि जागा पुसली जाते.