जांभळाचा शिरका (व्हिनेगर): पहिल्यांदा करताय तर

जूनमध्ये पन्हाळा-गगनबावड्याकडची जांभळं बाजारात येतात, त्यातली पूर्ण पिकलेली घ्या. फुटलेली चालतील, बुरसलेलं एकही नको. 1 किलो जांभळं हातानं कुस्करा, बिया काढा. उकळून गार केलेलं 1 लिटर पाणी आणि 100 ग्रॅम गूळ घाला. गूळ काळपटच घ्या. मार्केट यार्डात पिवळाधमक दिसतो त्यात बरेचदा हायड्रोस (गुळाचा रंग उजळवणारं रसायन) असतं, आणि त्यातल्या सल्फाइटनं रस आंबवणारं यीस्ट मंदावतं. मग लोक जांभळाला दोष देतात!

काचेची बरणी पाऊणच भरा, कारण फेस वर येतो. तोंडाला दुहेरी सुती फडकं घट्ट बांधा, घट्ट झाकण लावू नका. पावसाळ्यात चिलटं सैल कापडातूनही आत जातात. चोथा वर तरंगतो, तो उघडा राहिला की बुरशी धरते. म्हणून दिवसातून दोनदा लाकडी चमच्यानं खाली दाबा.

आठ-दहा दिवसांत बुडबुडे थांबले की गाळा. आता रुंद तोंडाचं भांडं हवं, कारण आंबट करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. तळाशी साका असलेला जुना, न उकळलेला शिरका 150 मिली घाला आणि दीड-दोन महिने अंधारात ठेवा. ढवळू नका. वर जेलीसारखा पापुद्रा आला तर उत्तम. पांढरी सुरकुतलेली साय काढून टाकता येते. केसाळ हिरवं-काळं काही दिसलं तर सगळं फेकून द्या. नेलपॉलिशसारखा वास आला तर अजून थांबा, बहुधा जातो.

हा शिरका कोशिंबिरीला, सरबताला वापरा. टिकाऊ लोणच्याला नको, घरच्या शिरक्याची आम्लता मोजलेली नसते.