पोटातली महाधमनी फुगलीये, लगेच ऑपरेशन करायचं का?

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे आहेत, सोनोग्राफीत पोटातली महाधमनी ४.३ सेंमी निघाली, त्रास काहीच नाही. आता सीटी अँजिओ (डाय टोचून धमन्यांचा सीटी स्कॅन) सांगितलंय. ऑपरेशन लागेल का?

उत्तर: लगेच तरी नाही. ही धमनी साधारण २ सेंमी असते, ३ च्या वर गेली की अॅन्युरिझम म्हणतात, आणि पुरुषांत ५.५ (बायकांत ५) च्या आसपास गेली किंवा भराभर वाढायला लागली की मग ऑपरेशनचा विषय निघतो. सोनोग्राफीत नुसतं माप कळतं हो, सीटीत किडनीच्या धमन्यांखाली निरोगी भाग किती उरलाय, आत गुठळी आहे का, खाली पायाकडे जाणाऱ्या इलियाक धमन्या फुगल्यात की चुना (कॅल्शियम) साचून अरुंद झाल्यात हे सगळं दिसतं, आणि जांघेतून स्टेंट ग्राफ्ट (कापडाने मढवलेली जाळीची नळी) सरकवता येईल की पोट उघडावं लागेल ते त्यावरच ठरतं. स्टेंटनंतरही फुगवट्यात रक्ताची गळती होतेय का ते बघायला स्कॅन चालूच राहतात, हे बरेचदा कोणी आधी सांगत नाही. डायच्या आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. सिगारेट असेल तर आजच बंद. अचानक पोटात किंवा पाठीत जोरात दुखलं, चक्कर आली तर थेट इमर्जन्सी गाठा.