फाइलझिलात (सर्व्हरवर फाइली पाठवायच्या प्रोग्रॅममध्ये) लॉगिन होतं, पण फोल्डरची यादीच येत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की उद्यमनगरातल्या ऑफिसमधून एफटीपीला (सर्व्हरशी फाइलींची देवाणघेवाण करायच्या पद्धतीला) लॉगिन होतं, मग यादीसाठी २० सेकंद थांबून टाइमआउट. पासवर्ड बदलत बसू नका, तो बरोबर आहे. चुकला असता तर ५३० नंबरचा एरर आला असता.

एफटीपीला दोन वाटा लागतात. कमांड २१ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे नंबर दिलेल्या दारातून, जातात. यादी आणि फाइली मात्र वेगळ्या पोर्टवरून. ॲक्टिव्ह मोडमध्ये ही दुसरी वाट उघडायला सर्व्हर तुमच्याकडं येतो आणि तुमचा राउटर त्याला दारातच अडवतो. साइट मॅनेजरमध्ये ट्रान्सफर सेटिंग्ज उघडून पॅसिव्ह निवडा, म्हणजे दुसरी वाटही तुमच्याच बाजूनं उघडली जाते. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

नाहीच भागलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडून बघा. राजारामपुरीतल्या एका छपाईवाल्यांकडं दोन दिवस सर्व्हरला बोल लावत होतो. हॉटस्पॉटवर यादी लगेच आली. त्यांच्या ऑफिसच्या फायरवॉलमध्येच (नेटवर्कची ये-जा तपासणाऱ्या पहाऱ्यात) पोर्ट बंद होते. हॉटस्पॉटवरही तेच झालं, तर होस्टिंगवाल्यांना स्पष्ट विचारा: पॅसिव्ह पोर्टची रेंज फायरवॉलमध्ये उघडली आहे का? नुसतं ‘चालत नाही’ म्हणालात तर ते पासवर्डच रिसेट करून देतील.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर प्रश्न वेगळा. बहुधा सेवा बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. एसएफटीपी (सगळं सांकेतिक करून पाठवणारी वेगळी पद्धत) असेल तर पोर्ट २२ टाका. ४२१ नंबरचा एरर म्हणजे बऱ्याचदा एकाच वेळी जास्त कनेक्शन, ती एकावर आणा.

आणि जमलं तर कायमचं एसएफटीपीवर या. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, ग्राहकांच्या फाइली तशा पाठवू नयेत.