‘तिला आवडत नाही, मग किल्ट घालणं सोडू का?’

‘माझी माजी बायको म्हणते, मुलांसमोर किल्ट घालू नकोस. मी काय करू?’ किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा, गुडघ्यापर्यंतचा, घागऱ्यासारखा पारंपरिक पोशाख. कॅनडात, ओंटारिओमध्ये समुपदेशन करताना घटस्फोटित वडिलांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्यावर सविस्तर लिहायलाच हवं. ऐकणाऱ्याला तो किरकोळ वाटतो, पण विचारणाऱ्याची झोप उडालेली असते. तिनं हे वकिलाच्या कानावर घातलं तर? मुलांच्या भेटी कमी झाल्या तर?

ओंटारिओत स्कॉटिश वंशाचे लोक भरपूर आहेत. फर्गस, मॅक्सव्हिल अशा गावांत दर उन्हाळ्यात हायलँड खेळ, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या परंपरेचे मेळे भरतात, तिथं किल्ट घातलेल्या पुरुषाकडे कोणी वळूनही बघत नाही. लग्नातही तो चालतो. वाद पेटतो तो बाप शाळेच्या फाटकाशी किंवा वाणसामानाच्या दुकानात किल्ट घालून उभा राहतो तेव्हा.

यातल्या एका वडिलांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. इलेक्ट्रिशियन, एक मुलगी, वय अकरा. संसार चालू असताना बायको म्हणायची, लोक हसतात, म्हणून आजोबांचा किल्ट कपाटात पडून होता. घटस्फोट झाला आणि यांनी घराण्याच्या टार्टनचा, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकटींच्या कापडाचा नवा किल्ट शिवून घेतला, चांगला आठ वार कापडाचा. भेटीच्या दर शनिवारी तो घालून मुलीला आणायला जाऊ लागले. मग एक दिवस मेसेज आला : ‘तू तिची शोभा करतोस. हे बंद कर.’

सुरुवातीची सत्रं इतिहासात गेली. कलोडनच्या लढाईत स्कॉटलंडमधलं बंड मोडल्यावर १७४६ साली ब्रिटिश पार्लमेंटनं हायलँडच्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं हद्दपारी. बंदी उठली १७८२ मध्ये. हे सगळं ते तळमळीनं सांगायचे आणि प्रत्येक वेळी शेवटी माजी बायकोवर येऊन थांबायचे. पार्लमेंटच्या खुर्चीवर त्यांनी तिला कधी बसवलं, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

एकदा ते किल्ट घालूनच आले. मी म्हटलं, ‘हा नेसतात कसा, मला क्रमानं सांगा.’

ते खुलले. चुण्या मागे, पुढे सपाट भाग. आतल्या पदराचा चामडी पट्टा डाव्या कमरेजवळच्या चिरेतून बाहेर काढायचा आणि बक्कल लावायचं. मग वरचा पदर उजवीकडे आणून तिकडची बक्कलं. पिन फक्त वरच्या पदराला, दोन्ही पदर एकत्र टोचले तर कापड फाटतं. शेवटी स्पोरन, म्हणजे पुढं लटकणारी चामडी पिशवी.

‘आणि बक्कल लावताना मनात काय चालू असतं?’

‘की ती दारात उभी असेल. बघू दे तिला.’

बोलून गेले आणि थबकले. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळानं विचारलं, ‘मुलगी आईकडे असते त्या शनिवारी घालता?’

‘नाही.’ मग बराच वेळ स्पोरनच्या झुपक्यांशी चाळा. ‘म्हणजे तेव्हा तिच्यासाठी कपाटात ठेवला होता आणि आता तिच्यासाठीच घालतोय.’

हे वाक्य मी त्यांच्या तोंडात घातलं नाही, याचं मला आजही समाधान आहे. माझं काम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर उभं आहे. माणसाला इच्छा असावी, पण इच्छेचा हट्ट झाला की दुःखाला धार येते, हे त्यांच्याकडून मी शिकले. म्हणून लगेच पुढं विचारलं, ‘तिला किल्ट कधीच आवडला नाही तर?’

‘तिनं समजून घ्यायलाच हवं. मी बाप आहे तिच्या मुलीचा.’

‘हवं, हे कबूल. पण नाहीच घेतलं समजून तर?’

‘वाईट वाटेल.’

‘आणि?’

‘आणि... मी किल्ट घालेन. किंवा नाही घालणार. मला वाटेल तसं.’

‘किंवा नाही’ म्हणताना त्यांचे खांदे खाली आले. मी अशा क्षणाची वाट पाहत असते. त्या दिवसापर्यंत किल्ट न घालणं त्यांच्या लेखी हार होती.

आता मुलीला विचारायचं होतं. इथं बरेच वडील घाई करतात आणि ‘आईचं बरोबर की माझं?’ असं विचारून लेकराला कोर्टात उभं करतात. मी त्यांना एवढंच विचारायला सांगितलं : कुठं घातला तर चालेल, कुठं नको? मुलीचं उत्तर तयारच होतं. ‘खेळांना घाल. शाळेच्या बँडच्या कार्यक्रमाला नको. मुलं विचारतात, तुझ्या बाबांनी आत काय घातलंय, आणि मला काय बोलावं ते सुचत नाही.’ तिला किल्टची लाज वाटत नव्हती. त्या एका प्रश्नापुढं ती एकटी पडत होती. बाबा म्हणाले, ‘आत हाफपँट असते, सांगून टाक.’ बँडच्या कार्यक्रमाला ते साध्या पँटमध्ये गेले.

आईच्या तक्रारीतही एक खरी गोष्ट होती. पूर्ण पोशाखात पायमोज्यात स्कीअन डू नावाची छोटी सुरी खोचतात आणि हे तशीच खोचून शाळेत जायचे. तिथं वाद घालू नये. सुरी घरी ठेवावी आणि तसं तिला कळवावं. आया हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते, ‘शोभा करतोस’ म्हटलं की भांडण होतं, ‘शाळेत सुरी नको’ म्हटलं की सुरी घरी राहते.

कोर्टाचं काय? मी वकील नाही, आपल्या प्रकरणापुरता सल्ला वकिलाकडूनच घ्यावा. पण कॅनडाच्या घटस्फोट कायद्यात १ मार्च २०२१ पासून बदल झाले, त्यात मुलाच्या हिताचे निकष मांडले आहेत. मुलाचं वय आणि समज पाहून त्याचं मत ऐकायचं, हा एक निकष. मुलाचा सांस्कृतिक वारसा हा दुसरा. एका पालकाला दुसऱ्याचे कपडे रुचतात का, हा त्यातला निकष नाही. धोतर नेसून मुलाच्या शाळेत जावं का, असं मला मराठी वडिलांनीही विचारलं आहे. त्यांनाही मी हेच सांगते आणि आधी मुलाला विचारायला पाठवते.

शेवटी त्या इलेक्ट्रिशियन वडिलांनी आणि मी मिळून त्यांच्या माजी बायकोला मेसेज लिहिला. पहिला मसुदा पानभर होता, पार्लमेंटसकट. तो खोडत खोडत चार वाक्यांवर आणला : ‘तुझी हरकत समजली. शाळेत सुरी नेणार नाही, चूक माझी होती. शाळेच्या कार्यक्रमांना काय घालायचं ते लेकीला विचारून ठरवेन. बाकीच्या दिवसांचे कपडे माझे मी ठरवेन.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : ‘ठीक. मला अजूनही आवडत नाही.’

त्यांनी ते मला वाचून दाखवलं, फोन खिशात ठेवला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचं वेळापत्रक काढलं. तासाचा उरलेला वेळ आम्ही त्यावरच घालवला.