विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी मोबाइल ॲप बनवावं की मोबाइलवर नीट चालणारी वेबसाइट?

वेबसाइट. पुस्तक रिन्यू करायला वर्षातून चारदा लागणारं ॲप कुणी फोनमध्ये ठेवत नाही, आणि दोन फोनप्रणालींसाठी ते सांभाळत बसायला माणूसबळ कुठून आणणार?

आधी बघा, तुमच्याकडे ‘कोहा’ आहे का. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली, 2000 पासून वापरात असलेली ही ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारी मुक्त (ओपन सोर्स) संगणकप्रणाली. तिचा ओपॅक, म्हणजे वाचकांसाठीची ऑनलाइन पुस्तकसूची, मोबाइलच्या पडद्याप्रमाणे आपोआप जुळवून घेतो, म्हणजे निम्मं काम आयतंच झालं. वाचकाला घरबसल्या रिन्यू करता यावं यासाठी सेटिंग्जमध्ये ‘ओपॅकरिन्यूअलअलाउड’ चालू लागतं, ते तपासा.

खरी मेख मराठी पुस्तकांची. पोरं फोनवर देवनागरीत शोधतात, पण जुन्या नोंदी बऱ्याचदा रोमनमध्ये. मग पुस्तक कपाटात असूनही ‘सापडलं नाही’. मार्कमधलं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी ठेवायच्या ठरावीक साच्यातलं, 880 क्रमांकाचं फील्ड दुसऱ्या लिपीतल्या नोंदीसाठीच असतं. पैसा आणि वेळ तिथे घाला, निदान क्रमिक पुस्तकांपासून सुरुवात करा.

पहिल्या पानावर शोध, माझी पुस्तकं, वेळ आणि फोन नंबर एवढंच. कुलगुरूंचा संदेश खाली सरकवा (जमलं तर!).